वापरलेला टोमणा

भाताला टोमणे मारण्यात माझा हात धरणारा माणूस अख्ख्या खाडीपट्ट्यात नाही. एक होता, माझा चुलता नामा. तो गेल्या शिमग्यात वारला, आणि तो होता तोवर मी दोन नंबरावरच होतो.

आवळीखारच्या सरकारी भात केंद्रात मी ही नोकरी एकोणीस वर्षं केली. पद टोमणेकरी, वर्ग चार. शिक्षणाची अट चौथीची होती. मी चौथी शिकलेलो आहे, तीन वेळा.

ज्यांची जमीन गोड आहे त्यांच्यासाठी थोडं समजावून सांगतो, कारण गोड जमिनीची माणसं जरा सावकाश समजतात. आमची शेतं खाडीला लागून. खाडी आणि शेत यांच्यामध्ये मातीचा बांध. उधाणाला बांध फुटला की खांड गेली म्हणायचं. खांड गेली की खारं पाणी शेतात शिरतं, आणि पुढं दोन-तीन वर्षं त्या मातीत भात जगत नाही. रोप शेंड्याकडून पिवळं पडतं, मग करपतं. अशा मातीत भात जगवायचा तर त्याला आधी बोलणं सोसायला शिकवावं लागतं. मीठ मुळाला लागतं, टोमणा शेंड्याला. ज्याचा शेंडा टोमण्यानं करपत नाही, त्याचं मूळ मिठानं करपत नाही. हे मी माझ्या मनानं सांगत नाही. केंद्राच्या व्हरांड्यात तक्ता लावलेला आहे, त्याच्या खाली सही आणि शिक्का आहे.

काम ठरलेलं होतं. रोप एकवीस दिवसांचं झालं की रंगारूपावर बोलायचं. फुटवे फुटायला लागले की शेजारच्या वाफ्याशी तुलना करायची. पोटरीत आलं, म्हणजे लोंबी पोटात धरली, की घराणं काढायचं. "पलीकडं बघ, एकेका चुडाला दहा-दहा फुटवे. तुला बघून बगळा वाट बदलतो." "तुझा आजा राता भात. तांबडा होता, पण ताठ होता. तू कुणावर गेलास?" असं चालायचं. जी रोपं पिवळी पडत ती उपटायची, जी हिरवी राहत त्यांचं बी पुढच्या सालाला ठेवायचं.

टोमणा किती कडक आहे ते आधी मोजावं लागे. त्यासाठी लेखनिक चौलकर होते. प्रत्येक नवा टोमणा आधी चौलकरांना मारायचा. त्यांनी नुसतं वर बघितलं तर सौम्य. पाणी प्यायला उठले तर मध्यम. रजेचा अर्ज लिहिला तर तीव्र. चौलकर फार प्रामाणिक माणूस. एकोणीस वर्षांत त्यांनी एकही अर्ज खोटा लिहिला नाही, आणि त्यांची एकही रजा शिल्लक राहिली नाही.

उपटलेली रोपं केंद्राच्या म्हशीला घालायचे. बोलणं न सोसलेला भात खाऊन तिचं दूध हळवं झालं होतं. त्याच दुधाचा चहा चार वाजता सगळ्या हापिसाला मिळे, म्हणून चार ते साडेचार सगळे थोडे रडायचे. बाहेरची माणसं त्या वेळात येत नसत. मी चहा कोरा घेतो. पित्त होतं, असं सांगतो.

आता मला ही नोकरी कशी लागली ते सांगावं लागेल. नाही सांगितलं तर बरं होईल, पण पुढं कळायचं नाही.

आमच्या गावात खांडीचं जेवण असतं. बांध फुटला की गाव गोळा होतो, दोन भरत्यांच्या मधल्या वेळात चिखल वाहून खांड बुजवतो, आणि मग बांधावरच पंगत बसते. जिताडा माशाचं कालवण आणि तांदळाची भाकरी. त्या पंगतीत कुणी कुणालाही काहीही बोलावं आणि ऐकणाऱ्यानं रागवायचं नाही, अशी रीत आहे. रागावला तर पुढच्या खांडीला त्यानं एकट्यानं बांधावर झोपायचं. का, ते कुणाला ठाऊक नाही. चिखलात राबलेल्या माणसांना हसायला काहीतरी हवं असणार.

माझा मुलगा कमळाकर तेव्हा सव्वीस वर्षांचा. आमच्या खारट झालेल्या चौदा गुंठ्यांत तो तीन सालं भात लावत होता. पहिल्या साली राता लावला, गेला. दुसऱ्या साली खालच्या आळीतून रोपं मागून आणली, गेली. तिसऱ्या साली त्यानं गोड्या पाण्यानं जमीन धुवायची म्हणून विहिरीपासून शेतापर्यंत चर खणला, एकट्यानं. भात कमरेइतका झाला. मग उधाण आलं आणि खांड गेली ती नेमकी आमच्याच शेताच्या तोंडाशी. ती बुजवायला तोच सगळ्यांत आधी चिखलात उतरला होता. पंगतीत माझ्या समोर बसला होता, कानापर्यंत चिखल.

मी म्हणालो, "आमच्या कमळ्याच्या हातानं मीठ पेरलं तरी ते अळणी उगवेल."

चाळीस माणसं हसली. नामाकाका हसता हसता ठसकला आणि म्हणाला, "जोमा, आज तू मला मागं टाकलंस." त्या वेळचे केंद्रप्रमुख पंगतीला पाहुणे होते. त्यांनी तिथंच माझा खरकटा हात धरला आणि विचारलं, "सरकारी नोकरी कराल का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हजर व्हायला निघालो. एस.टी.च्या थांब्यावर कमळाकर उभा होता, हातात पिशवी. मला वाटलं बाजाराला चाललाय. माझी गाडी दक्षिणेकडची, त्याची उत्तरेकडची. त्याची आधी आली. तो चढताना मी म्हणालो, "येताना मीठ आण रे." तो हसला.

तो अजून आलेला नाही. कच्छकडच्या मिठागरात त्याला कुणीतरी पाहिला म्हणतात. तिथलं मीठ चांगलं खारट असतं, असं मी लोकांना सांगतो. लोक हसत नाहीत.

तर, एकशेचौदा.

केंद्रात वाणाला नाव देत नाहीत, नंबर देतात. नाव दिलं की जीव लागतो आणि टोमणा बोथट होतो. एकशेचौदा हे डॉक्टर गावंडेबाईंनी राता आणि कुठल्याशा बारीक तांदळाच्या संकरातून काढलेलं रोप. बाई अकोल्याकडच्या. त्यांच्या वडलांच्या विहिरीचं पाणीसुद्धा खारट, त्यामुळे खारट जमिनीची चेष्टा केलेली त्यांना चालत नसे. मी रोज करायचो.

एकशेचौदा काही केल्या पिवळं पडेना. मी रंगावर बोललो, घराण्यावर बोललो. ज्या टोमण्यानं चौलकर सलग आठ दिवस रजेवर गेले होते तोही मारला. रोप हिरवं. सात सालं मी त्याच्यामागं लागलो होतो. सातव्या साली बाई म्हणाल्या, "काका, आता अंतिम चाचणी. ती झाली की बी गावाला. पण एक अडचण होऊन राहिली."

"कसली?"

त्यांनी नियमांचं पुस्तक उघडलं. "नियम नऊ. अंतिम चाचणीत कोरा टोमणा चालत नाही. वापरलेला लागतो. ज्यानं निदान एक माणूस घर सोडून गेला आहे, असा."

"चौलकरांकडं नाही?"

"चौलकर दर वेळी परत येतात, काका."

मी तो नियम स्वतः वाचून बघितला. माझ्या बाबतीत ही बातमी आहे.

"तुमच्याकडं आहे, म्हणतात," बाई म्हणाल्या. "नसंल द्यायचा तं नका देऊ. मी वर कळवते. पण मग एकशेचौदा बाद होईल. दीडशे एकर खार तशीच पडून राहील."

मी म्हणालो, "देतो." आणि गावासाठी देतो असा चेहरा केला. तो चेहरा मला चांगला जमतो. पण तुम्हाला खरं सांगू? मला गावाचं काही पडलं नव्हतं. एकोणीस वर्षं माझ्या मनात एकच हिशेब अडकलेला होता. रोप पिवळं पडलं तर माझं वाक्य वाईट होतं. रोप हिरवं राहिलं तर वाक्यात काही नव्हतं, पोरगाच नाजूक होता. सरकारी निकाल लागणार होता, सही-शिक्क्यासकट.

टोमणा वापरलेला आहे याला घरातल्या एका माणसाची सही लागत होती. घरात माणूस एकच, माझी बायको देवका. ती ओटीवर बसून सुक्या जवळ्यातून काड्या निवडत होती. मी कागद पुढं केला.

"कसला?" ती म्हणाली.

"ते वाक्य तू ऐकलं होतंस, एवढंच लिहिलंय."

कनचं वाक्य, असं तिनं विचारलं नाही. दोन काड्या बाजूला टाकल्या. "तुमाला काय पायजे यातून?"

"बी पाहिजे. गावाला."

"गावाला बी. आन तुमाला?"

तिच्याशी मी लग्नाच्या दिवसापासून खोटं बोलत आलोय, पण जवळा निवडताना ती समोरच्याकडे बघत नाही, आणि न बघणाऱ्या माणसाशी खोटं बोलायला मजा येत नाही. मी माझा हिशेब सांगितला. हिरवं तर असं, पिवळं तर तसं.

तिनं हात पदराला पुसले आणि सही केली. देवका. तीन अक्षरं, मधलं मोठं. सही तिला कमळाकरनंच शिकवली होती, गावच्या बायकांनी अंगठे लावू नयेत म्हणून. मग ती म्हणाली, "मी येनार तवा. बांधावर बसंन."

समिती आली अश्विनात. तिघेजण होते. दोघं बोलत नसत, तिसरे अध्यक्ष मुजुमदारसाहेब, तेच सगळ्यांच्या वाटणीचं बोलत. भाताचा फुलोरा सकाळी दहाच्या सुमाराला उघडतो आणि बाराच्या आत मिटतो. तेवढा वेळ रोप सगळ्यांत कच्चं असतं, म्हणून टोमणा तेव्हाच मारायचा असं ठरलं होतं. नऊला अध्यक्षांनी माझी विचारपूस सुरू केली.

"मूळ प्रसंगी पंगतीत काय होतं?"

"जिताडं."

"आज आहे?"

चौलकरांनी कालवणाच्या पातेल्यावरचं झाकण काढून दाखवलं. अध्यक्षांनी वाकून पाहिलं आणि खूण केली.

"किती लोक हसले होते?"

"चाळीस."

"ते चाळीस हजर आहेत?"

"त्यातले अकरा वारले, साहेब."

"मयतांच्या जागी वारस घ्या."

वारस घेतले. नामाकाकाच्या जागी त्याचा नातू आला. अगदी तसाच ठसकत हसतो, रक्ताचा गुण आहे. एकोणचाळीस झाले.

"एक कमी आहे."

चौलकरांनी यादी बघितली आणि हळूच म्हणाले, "चाळिसावा तो स्वतःच, साहेब. कमळाकर जोमा ठाकूर."

"ज्याला टोमणा मारला तोसुद्धा हसला होता?"

"हो," मी म्हणालो. "सगळे थांबल्यावरही तोच हसत होता."

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. पंगतीत एक पान रिकामं मांडायला सांगितलं आणि नोंदीत लिहायला लावलं, जागा रिक्त. मग बांधाकडं बघून त्यांनी विचारलं, "बाई, तुम्ही मूळ प्रसंगी हजर होतात?"

"व्हते," देवका बांधावरून म्हणाली.

"हसला होतात?"

खाडीवरून एक होडी जात होती. ती वळणाआड जाईपर्यंत देवका तिच्याकडं बघत राहिली.

"हसले व्हते," ती म्हणाली.

"मग इकडे रांगेत या."

ती उठली, लुगड्याची माती झटकली आणि रांगेत येऊन उभी राहिली. चाळिसांत तिला कुणी मोजलंच नव्हतं.

"वाक्याआधी किंवा नंतर त्याच्याशी आणखी काही बोलणं झालं होतं का?" अध्यक्षांनी मला शेवटचं विचारलं. "असल्यास नमूद करा."

"नाही," मी म्हणालो. थांब्यावरचं सांगितलं नाही. कागदावर तेवढी जागाही नव्हती. मी बघितलं होतं.

दहा वाजून दहा मिनिटांनी फुलोरा उघडला. तूस अर्धं फाकतं आणि आतून पांढरे बारीक तुरे बाहेर लोंबतात, जांभई दिल्यासारखे. मी एकशेचौदाच्या वाफ्यासमोर बसलो, उकिडवा, तेव्हा बसलो होतो तसा. हाताला कालवण लागलेलं हवं म्हणून दोन घास खाल्ले. एकोणीस वर्षांत मी लाखभर रोपांना टोमणे मारले असतील.

"आमच्या कमळ्याच्या हातानं," मी म्हणालो, "मीठ पेरलं तरी ते अळणी उगवेल."

एकोणचाळीस माणसं हसली. चांगलं हसली, तेव्हासारखंच. वाक्य खरोखरच चांगलं आहे, मला अजून त्याच्यापेक्षा चांगलं सुचलेलं नाही. देवकाही हसली. तिचं हसू मी रांगेत वेगळं ओळखलं. ते सगळ्यांच्या आधी थांबलं. मग सगळेच थांबले, आणि रिकाम्या पानाच्या बाजूला कुणी बघितलं नाही.

नियमाप्रमाणे सात दिवस थांबायचं होतं. मी सातही दिवस वाफ्याशी बसून होतो. पहिल्या दिवशी शेंडा हिरवा. दुसऱ्या दिवशी हिरवा. चौथ्या दिवशी एक पान जरा फिकट वाटलं, तेव्हा मी हातातली भाकरी खाली ठेवली. ते भीतीनं की आशेनं, हे मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं, आणि आता तुम्हाला सांगणार नाही. दुपारी बघितलं तर त्या पानावर चौलकरांच्या छत्रीची सावली होती.

सातव्या दिवशी समिती परत आली. एकशेचौदा हिरवंगार होतं, लोंब्या दाण्यानं भरायला लागल्या होत्या. अध्यक्ष वाफ्याभोवती दोनदा फिरले.

"हे सगळं एकाच बाजूला का कललंय?"

खरंच कललं होतं. वाफ्यातलं एकूण एक रोप उत्तरेला, एस.टी.च्या रस्त्याकडं. वारा नव्हता. वारा असता तरी त्या दिवसांत उलटा असतो. गावंडेबाईंनी एक चूड उपटून बघितलं. दक्षिणेकडची मुळं चाबकाच्या वादीसारखी ताणलेली होती, दोन-तीन तुटलेली. बाकीच्यांनी मातीला घट्ट धरून ठेवलं होतं.

"याचा उत्पन्नावर परिणाम?" अध्यक्षांनी विचारलं.

"काही नाही, साहेब," बाई म्हणाल्या, पण चूड त्यांनी हातातच धरून ठेवलं.

"मग इतर निरीक्षणांत लिहा. कल उत्तरेकडे, हरकत नाही." आणि त्यांनी शिक्का मारला.

एकशेचौदा पास झालं. पुढच्या साली दीडशे एकर खारीत तेच लागणार. बांधावर जमलेल्या पोरीबाळी टाळ्या वाजवू लागल्या. चौलकरांनी म्हशीच्या दुधाचा चहा केला, आणि त्या दिवशी मीही घेतला, दुधाचा. बाई म्हणाल्या, "काका, पित्त होईल नं." मी म्हणालो, "होऊ दे." साडेचार वाजेपर्यंत मी चौलकरांच्या खांद्यावर डोकं टेकून होतो. साडेचारला उतरलं, तेव्हा शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं, निकालाच्या कागदाची घडी केली आणि घरी निघालो.

वाटेत मी शब्द जुळवत होतो. एकोणीस वर्षं ती मला काही बोलली नव्हती. कधी ताट आपटलं नाही, कधी त्याचं नाव काढून रडली नाही. फक्त मीठ संपलं की ती दुकानात जायची नाही. मला सांगायची, आणि मी आणायचो. तेवढंच. आता कागद माझ्या हातात होता.

ती ओटीवर बसून वालाच्या शेंगा सोलत होती. मी कागद तिच्या पुढ्यात उघडला, शिक्क्यावर बोट ठेवलं.

"सोसलं त्यानं," मी म्हणालो. "ऐन फुलोऱ्यात, तेच वाक्य, तीच माणसं, तेच जिताडं. पान पिवळं नाही झालं. सरकार म्हणतंय. एवढंसं रोप, आणि सोसून जागेवर उभं राहिलं. आता सांग, दोष कुणाचा होता?"

देवकानं हातातली शेंग पुरी सोलली. दाणे सुपात टाकले. शिक्क्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"जागेवर ऱ्हायलं," ती म्हणाली, "कारन त्याला पाय नव्हते."